पहिली दुर्बीण घेण्यापूर्वी

भिलाईच्या रात्रीला स्वतःचा असा एक उजेड आहे. १९५९ साली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून या नगरीचे क्षितिज पुरते काळोखे असे क्वचितच झाले असेल. साहजिकच ‘येथून तारे ते काय दिसणार?’ अशी शंका घेतली जाते. परंतु चंद्र, गुरू आणि शनी यांच्या दर्शनाला शहराचा उजेड फारसा आड येत नाही. नवशिक्याची खरी अडचण वेगळीच असते. मुलांच्या हट्टाखातर दुर्बीण घाईने घेतली जाते, तिच्यातून मनासारखे काही सापडत नाही आणि चार-सहा महिन्यांत ती माळ्यावर जाते. पैसा तर गुंततोच. पण त्याहून मोठी हानी म्हणजे मुलाचे कुतूहलही तिच्यासोबत माळ्यावर जाते.

आधी डोळ्यांची ओळख

दुर्बिणीतून आकाशाचा अगदी लहानसा तुकडा दिसतो. तो कोठला, हे ठाऊक नसेल तर उत्तम दुर्बीणही निरुपयोगी ठरते. म्हणून आरंभ नुसत्या डोळ्यांनी करावा. भिलाईचे अक्षांश सुमारे २१ अंश उत्तर आहेत. म्हणजे ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून तितकाच वर दिसतो. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते. तेव्हा क्षितिजावर दोन मुठी मोजाव्यात, ध्रुव तेथेच सापडतो. हिवाळ्यात मृग नक्षत्रातील तीन ओळीतल्या ताऱ्यांची रेषा एका बाजूस वाढविली की व्याध आणि दुसऱ्या बाजूस रोहिणी व त्यापुढे कृत्तिका भेटतात. यानंतर ७×५० किंवा १०×५० मापाची द्विनेत्री हाती घ्यावी. कृत्तिकांचा पुंजका तिच्यातून जितका देखणा दिसतो, तितका पुष्कळ दुर्बिणींतूनही दिसत नाही.

कोणत्या आकड्याला भुलू नये?

स्वस्त दुर्बिणींच्या खोक्यावर ‘पाचशे पट’, ‘सहाशे पट’ असे आकडे ठळकपणे छापलेले असतात. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये गुरूचे चंद्र पाहिले, ते सुमारे वीस पट दाखविणाऱ्या दुर्बिणीतून! दुर्बिणीचे मुख्य काम प्रकाश गोळा करण्याचे असून ते भिंगाच्या वा आरशाच्या व्यासावर अवलंबून असते. ७५ मिलिमीटरपेक्षा १५० मिलिमीटरचा आरसा चौपट प्रकाश गोळा करतो. व्यासाच्या मिलिमीटरमधील आकड्याची दुप्पट ही उपयुक्त विवर्धनाची स्थूल मर्यादा होय. त्यामुळे ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून १२० पटींपलीकडे प्रतिमा मोठी होते, पण धूसर होते.

दुसरी कसोटी बैठकीची. डळमळत्या तिपाईवर चांगले भिंगही व्यर्थ जाते. या दृष्टीने नवशिक्याला डॉब्सोनियन पद्धतीची परावर्ती दुर्बीण सोयीची ठरते. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत साधू म्हणून राहिलेल्या जॉन डॉब्सन यांनी ही साधी, भक्कम बैठक लोकप्रिय केली.

खरेदीपूर्वी प्रत्यक्ष दुर्बिणीतून एकदा पाहणे सर्वांत उत्तम. मराठी माणसांत या छंदाची परंपरा जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून कार्यरत आहे, तर मुंबईचे खगोल मंडळ १९८५ मध्ये सुरू झाले. सुट्टीत तिकडे जाणाऱ्या भिलाईतील मराठी कुटुंबांनी अशा संस्थांच्या आकाशदर्शन कार्यक्रमांची चौकशी अवश्य करावी.

पहिल्या रात्री

आरंभ शुक्ल अष्टमीच्या आसपास चंद्रापासून करावा. पौर्णिमेला सावल्या नसल्याने चंद्र सपाट भासतो; अर्धचंद्राच्या कडेला मात्र विवरे उठून दिसतात. दिवसभर तापलेली गच्ची रात्री उष्णता सोडते आणि प्रतिमा थरथरते, म्हणून अंगणातील हिरवळ बरी. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवावी. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये पृथ्वीच्या रेषेत आल्याने जवळजवळ दिसेनाशी झाली होती. त्यानंतरच्या वर्षांत ती हळूहळू उघडत जातात. अंधूक तारकागुच्छ व दीर्घिका यांसाठी मात्र अमावास्येच्या सुमारास बालोदजवळील तांदुळा धरणासारख्या काळोख्या परिसराकडे जाणे इष्ट.

एक पथ्य काटेकोरपणे पाळावे. दुर्बिणीतून वा द्विनेत्रीतून सूर्याकडे कदापि पाहू नये. क्षणार्धात दृष्टी कायमची जाऊ शकते. नेत्रिकेला लावण्याची सौरकाच तापून तडकते, म्हणून तिच्यावर विसंबू नये. दिवसा मुलांच्या हाती दुर्बीण एकटी सोपवू नये.

वर्षभराचे नियोजन

या दिवाळीत वर्षभराची आवर्ती ठेव सुरू करावी आणि त्याच दिवसापासून मुलांसह आकाश पाहू लागावे. हिवाळ्यात मृग, उन्हाळ्याच्या रात्री वृश्चिक, पावसाळ्यात ढगांआड वाचनासाठी नकाशे, असे वर्ष सरते. पुढील दिवाळीला ठेवीची मुदत पूर्ण होईल, तोवर मुलांना निदान वीस तारे नावानिशी ठाऊक झालेले असतील. दुर्बीण घरी यावी, ती त्यानंतर.