लिंबाच्या बागेचा राखणदार

अहिल्यानगर, म्हणजेच पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील श्रीगोंदा तालुका कागदी लिंबांसाठी प्रसिद्ध आहे. पावसाळा सुरू झाला, की येथील बागांना लुसलुशीत पालवी फुटते. त्याच सुमारास काळ्या-पिवळ्या पंखांचे एक देखणे फुलपाखरू बागेत फिरू लागते. ते कोवळ्या पानांवर मोहरीएवढी पिवळसर अंडी घालते. थोड्याच दिवसांत त्यांतून अळ्या बाहेर पडतात. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी होताच ती पानासारखी हिरवी होते. दोन्ही रूपांत ती सहसा शत्रूच्या नजरेस पडत नाही. ती मात्र पाने कुरतडीत राहते. लहान रोपाची तर ती पार काडी करून टाकते.

अशा वेळी जहाल विष फवारले तर अळ्या मरतात, हे खरे. परंतु विषाला शत्रू-मित्र कळत नाहीत. मावा खाणारा ढालकिडा, फुलपाखराच्या अंड्यांत आपली अंडी घालणारी चिमुकली गांधीलमाशी आणि फुलाफुलांवर फिरणारी मधमाशी यांचाही त्यात बळी जातो. मित्र नाहीसे झाले, की किडींना रान मोकळे मिळते. म्हणून सेंद्रिय पद्धतीने बाग करणारा शेतकरी बांधावरच्या कडुलिंबाकडे वळतो.

१९५९ साली सुदान देशात टोळधाडीने सारी हिरवळ फस्त केली. कडुलिंबाची झाडे तेवढी हिरवी राहिली. श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने हे पाहिले. पुढे १९६८ साली इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी निंबोळीच्या बियांतून अझाडिरॅक्टिन हे द्रव्य वेगळे काढले. हे द्रव्य लागलेले पान अळीला नकोसे होते. ते पोटात गेलेच, तर तिला नीट कात टाकता येत नाही; आणि कात टाकल्यावाचून अळीची वाढ होत नाही.

निंबोळ्यांचा अर्क घरीही करता येतो. पावसाच्या तोंडी गळलेल्या निंबोळ्या वेचून, गर धुऊन बिया सावलीत वाळवून ठेवतात. पाच किलो बिया कुटून रात्रभर पाण्यात भिजत घालतात. दुसऱ्या दिवशी तो अर्क फडक्याने गाळून घेतात व त्यात पाणी घालून शंभर लिटर द्रावण करतात. ते पानांवर पसरावे व चिकटावे, म्हणून थोडे साबणाचे पाणी मिसळतात. उन्हाने अर्काचा गुण जातो. यासाठी तो ताजाच, दिवस कलल्यावर फवारतात. अळ्या लहान असतानाच त्याचा उपयोग अधिक होतो. मोठ्या अळ्या हाताने वेचणे बरे.

फवारणीच्या दुसऱ्या दिवशी अळ्या पानांवर तशाच दिसतात. उतावळ्या माणसाला वाटते, औषध लागू पडले नाही. जाणता शेतकरी मात्र अळ्या मोजीत नाही. तो पाने पाहतो. नवी पालवी शाबूत असली आणि तिच्यावर ढालकिडा फिरत असला, म्हणजे आपले काम साधले, हे तो ओळखतो.