पेन्शन पॉलिसी बदलताना कराचा विचार

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील आपल्या समाजात शिक्षक, ग्रामसेवक, परिचारिका तसेच मुरबाड औद्योगिक वसाहतीतील कामगार असे अनेक नोकरदार आहेत. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य शासनाच्या सेवेत लागलेल्यांना अंशदायी निवृत्तिवेतन योजना लागू झाली. म्हातारपणाची तजवीज म्हणून कोणी वेगळी पेन्शन पॉलिसीही घेतात. पुढे एजंट सांगतो, "ही मोडा, दुसरी चांगली आहे." अशा वेळी कराचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात १ एप्रिल १९९७ पासून कलम ८०सीसीसी आले. या कलमाखाली पेन्शन पॉलिसीच्या हप्त्यावर वजावट मिळते. परंतु वजावट घेतलेली पॉलिसी सरेंडर केल्यास बोनससह मिळालेली रक्कम त्या वर्षीचे उत्पन्न धरली जाते. त्याच पैशातून लगेच दुसरी पॉलिसी घेतली, तरी या कलमात सूट नाही.

उदाहरण पाहू. जुन्या करपद्धतीतील एका शिक्षकाचे करपात्र उत्पन्न ५,५०,००० रुपये आहे. त्याने पॉलिसी मोडून ४,००,००० रुपये घेतले व नव्या पॉलिसीत भरले. वाढीव रकमेवर २० टक्के कर ८०,००० रुपये व ४ टक्के उपकर ३,२०० रुपये, असे एकूण ८३,२०० रुपये त्याला भरावे लागतील. दीड लाखाची वजावटीची मर्यादा भविष्य निर्वाह निधी व विम्याने आधीच भरली असेल, तर नव्या हप्त्यावर काहीच सवलत नाही. नव्या करपद्धतीत तर ही वजावटच नाही.

अमेरिकेत कलम १०३५ नुसार एका विमा कंपनीकडून दुसरीकडे रक्कम थेट गेली, तर अदलाबदल करमुक्त राहते. आपल्याकडे ८०सीसीसीच्या पॉलिसीला तशी सोय नाही.

तेव्हा हप्ता झेपत नसल्यास पॉलिसी 'पेड-अप' करता येईल का, हे प्रथम विचारावे. मुदत पूर्ण होईपर्यंत थांबल्यास अंशराशीकरणाची रक्कम करमुक्त मिळते. उरलेल्या रकमेची पेन्शन दरवर्षी मिळेल तशी करपात्र होते. २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून सही करण्यापूर्वी कर सल्लागारास विचारावे. विद्यार्थ्यांनीही घरच्या वडीलधाऱ्यांना हा हिशेब मांडून दाखवावा. कष्टाचा पैसा अजाणतेपणी जाऊ नये, हीच अपेक्षा.