कांचपेटींतील मिशाळ पाहुणे

मांजरानें मासा खावा हा जगाचा जुना रिवाज आहे. परंतु पाण्याच्या राज्यांत एक असें मोठें कुळ आहे, कीं त्यांतील मासेच मांजराच्या मिशा लावून हिंडत असतात. इंग्रजी बोलणारे त्यांना ‘कॅटफिश’ म्हणतात. मराठींत त्यांना मार्जारमीन म्हणावें. नांव नवें वाटलें तरी कुळ परकें नाहीं. कोंकणच्या मासळीबाजारांतील शिंगाळा याच कुळांतला, आणि तळ्यांतील पाणी आटत आलें तरी चिखलांत तग धरून राहणारा मांगूरही याच कुळांतला. या कुळांत सुमारें चार हजार जाती आहेत. मेकाँग नदींत २००५ सालीं थायलंडच्या कोळ्यांनीं २९३ किलो वजनाचा मार्जारमीन पकडला होता; उलट कांहीं जाती करंगळीहूनही लहान असतात. लहान असो वा मोठा, यांपैकीं एकाच्याही अंगावर खवले नसतात. कोणाची कातडी उघडी व बुळबुळीत असते, तर कोणी हाडांच्या पट्ट्यांचें चिलखत घालून वावरतो.

एवढ्या अफाट कुळांतील कांहीं मंडळी शहरांतील दिवाणखान्यांत येऊन पोंचली ती मात्र पाहुणा म्हणून नव्हे, तर झाडूवाला म्हणून. शोभेच्या माशांच्या दुकानांत घरांतील मुलांसह एखादें कुटुंब जातें. दोन फुटांची कांचपेटी घेतें. लाल-सोनेरी मासे निवडतें. पैसे देतांना दुकानदार सहज सुचवितो, “एक सकर घेऊन जा, पेटी आपोआप साफ राहील.” दोन बोटांएवढा, काळसर, कांचेला तोंड चिकटवून बसलेला तो मासा मुलांना गमतीचा वाटतो आणि वडिलांना उपयोगाचा. अशा रीतीनें तो घरीं येतो. या माशाविषयींच्या आवडीची सुरुवात बहुधा अशीच होते, आणि त्याच्याविषयींच्या गैरसमजाचीही.

हा सकर म्हणजे दक्षिण अमेरिकेंतील नद्यांचा रहिवासी. हौशी लोक त्याला ‘प्लेको’ या लाडक्या नांवानें ओळखतात. हें नांव ‘प्लेकोस्टोमस’ या शब्दाचा संक्षेप असून त्याचा अर्थ ‘चुण्या पडलेल्या तोंडाचा’ असा आहे. १७५८ सालीं लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञानें या माशाची नोंद केली, तेव्हां अंगावरील हाडांच्या पट्ट्या पाहून त्यानें याला चक्क स्टर्जन माशांच्या पंगतीस बसविलें. पुढें ती चूक सुधारली. आज या चिलखती शाखेस ‘लोरिकॅरिइडी’ म्हणतात. लॅटिन भाषेंत ‘लोरिका’ म्हणजे सैनिकाचें उरस्त्राण. मार्जारमीनांच्या सर्व शाखांत हीच सर्वांत मोठी. तिच्या एकटीच्याच सुमारें एक हजार जाती आहेत.

या माशाचें तोंड डोक्याच्या खालच्या बाजूस असतें. ओठ पसरट व वाटोळे असून त्यांच्या योगें तो खडकास घट्ट चिकटून राहतो. ज्या नद्यांचे प्रवाह माणसाचे पाय उखडून टाकतील, तेथें हा मासा शांतपणें खडक खरवडीत बसतो. त्याचा डोळाही पाहण्याजोगा असतो. बाहुलीच्या वरच्या कडेवर एक इवलासा पडदा असतो. प्रकाश तीव्र झाला कीं तो खालीं उतरतो आणि बाहुली घोड्याच्या नालेसारखी दिसूं लागते. अंधार पडला कीं पडदा पुन्हां वर सरकतो. दिवसा सुस्त वाटणारा प्लेको रात्रीं घरचे दिवे मालवल्यावर कामास लागतो, तो या डोळ्याच्या बळावर आणि स्पर्शाच्या बळावर.

रात्रीं व गढूळ पाण्यांत हिंडणाऱ्या या कुळास दृष्टीची उणीव इतर इंद्रियांनीं भरून निघते. मिशा केवळ शोभेच्या नसतात. त्यांवर रुचि ओळखणारे सूक्ष्म बिंदू असतात. अमेरिकेंतील ‘चॅनेल कॅटफिश’ या जातीच्या सर्व अंगावर असे एक लाखाहून अधिक बिंदू असतात. म्हणजे तो मासा सगळ्या शरीरानेंच चव घेतो असें म्हणण्यास हरकत नाहीं. यांचें कानही तिखट असतात. पोटांतील हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची एक सांखळी असते व तिच्यावाटे आवाज पोंचतो. म्हणून कांचेवर टकटक करून माशाला हांक मारणें हें त्याच्या कानाशीं ढोल वाजविण्यासारखें आहे.

एकदां या गोष्टी ध्यानीं आल्या, कीं झाडूवाला म्हणून आणलेला मासा घरांतील कुतूहलाचा विषय होतो. हौस वाढते, आणि मग दुसरे पाहुणे येतात. ‘कोरिडोरास’ हे एक-दोन इंचांचे चिलखती मासे त्यांपैकीं सर्वांचे आवडते. ते एकटे राहत नाहींत. सहा-सात जण मिळून तळाच्या वाळूंत मिशा खुपसून शाळेंतील मुलांप्रमाणें घोळक्यानें फिरतात. मध्येंच एखादा बाणासारखा पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत जातो, हवेचा घोट घेतो व परत खालीं येतो. पाहणारा घाबरतो, परंतु तो आजार नव्हे. घेतलेली हवा त्याच्या आंतड्यांत शोषली जाते, आणि प्राणवायु कमी असलेल्या पाण्यांतही तो त्यामुळें जगतो.

आफ्रिकेंतील काँगो नदीच्या खोऱ्यांतील ‘सिनोडोंटिस’ जातीचा एक मासा बहुधा उताणाच पोहतो. इतर माशांची पाठ गडद व पोट फिकें असतें. याचें उलट आहे, कारण याची पाठच खालीं असते. त्याच वंशांतील टांगानिका सरोवरांतला एक मासा तर कोकिळेचा धर्म पाळतो. त्या सरोवरांत आपलीं अंडीं तोंडांत घेऊन उबविणारे मासे आहेत. त्यांची अंडीं घालण्याची घाई चालू असतांना हा आपलीं अंडीं त्यांत मिसळून देतो. बिचारी दुसऱ्याची आई तीं तोंडांत घेते, आणि आंत जन्मलेलीं परकीं पिलें तिच्याच अंड्यांवर पोसतात. कावळ्याच्या घरट्याची गोष्ट पाण्यांतही घडते, हें पाहून कोणाला नवल वाटणार नाहीं?

या कपटाच्या उलट टोकास ‘अँसिस्ट्रस’ नांवाचा छोटा प्लेको आहे. नराच्या नाकाडावर मांसल कोंबांची दाढी उगवते, त्यामुळें तो दिसण्यास मुळींच सुंदर नसतो. परंतु त्याच्यासारखा पिता मत्स्यलोकांत विरळा. मादी एखाद्या ढोलींत किंवा मातीच्या नळींत नारिंगी अंड्यांचा घोस चिकटवून निघून जाते. नर तेथेंच राहतो, परांनीं सतत ताज्या पाण्याचा वारा घालतो आणि अंडीं फुटून पिलें हिंडूं लागेपर्यंत दारावरून हलत नाहीं. १९९९ सालीं अमेरिकन अभ्यासकांनीं असा तर्क मांडला, कीं त्याची दाढी दुरून पिलांच्या घोळक्यासारखी दिसते आणि पिलें सांभाळणारा नर मादीस अधिक पसंत पडतो. तर्क खरा ठरो वा न ठरो, कुरूप दाढीचा असा मान क्वचितच कोणास सुचला असेल.

या माशांचा नाद किती दूरवर जातो याचें एक उदाहरण जर्मनींतील आहे. दक्षिण अमेरिकेंतून नवनवे प्लेको इतक्या वेगानें येऊं लागले, कीं त्यांना शास्त्रीय नांवें देण्यास शास्त्रज्ञांना सवड मिळेना. तेव्हां १९८८ सालीं तेथील एका मत्स्यपालनविषयक मासिकानें प्रत्येक नव्या माशाचें चित्र छापून त्यास ‘एल’ अक्षर व एक क्रमांक देण्यास आरंभ केला. हे क्रमांक आतां पांचशेच्या आसपास गेले आहेत. त्यांतील सेहेचाळीसावा क्रमांक सर्वांत प्रसिद्ध आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, तीन-साडेतीन इंचांचा हा ‘झेब्रा प्लेको’ ब्राझीलमधील शिंगू नदीच्या एका मोठ्या वळणावरच सांपडतो. १९९१ सालीं त्यास शास्त्रीय नांव मिळालें. त्याच्या सौंदर्यानें त्याच्यावर संकट आणलें. हौशी लोकांसाठीं तो बेसुमार पकडला जाऊं लागला. ब्राझीलनें निर्यात बंद केल्यावर चोरटा व्यापार चालू झाला. त्यांतच २०१६ सालीं बेलो मोंते धरणाचें वीजकेंद्र सुरू झालें आणि त्या वळणावरचें पुष्कळसें पाणी दुसरीकडे वळविलें गेलें. अखेर २०२२ सालीं पनामा येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें त्याच्या व्यापारावर नियंत्रण घातलें. समाधान इतकेंच, कीं पुष्कळ जाणत्या हौशी लोकांच्या कांचपेटींत त्याची वीण होत असते.

आतां पुन्हां त्या दोन बोटांएवढ्या सकराकडे वळलें पाहिजे. कारण त्याची कथा सुखाची नाहीं. बाजारांत सकर म्हणून विकला जाणारा मासा बहुधा ‘टेरिगोप्लिक्थिस’ वंशाचा असतो, आणि तो दीड फुटापर्यंत वाढतो. दोन फुटांच्या पेटींत दीड फुटाचा मासा! त्याला अंग वळवितांही येत नाहीं. मासा पेटीएवढाच वाढतो, ही समजूत सर्वस्वीं खोटी आहे. घाण पाण्यांत व अपुऱ्या जागेंत त्याची वाढ खुंटते ती आजारामुळें, शहाणपणामुळें नव्हे. आणि जो दहा-पंधरा वर्षें जगावयाचा तो अकालीं मरतो. सफाईचें म्हणावें, तर तो कांचेवरचें शेवाळ कांहीं दिवस खातो. पण इतर माशांची विष्ठा तो खात नाहीं, उलट स्वतःच सर्वांहून अधिक घाण करतो. शेवाळ संपलें कीं उपाशी राहतो. घरच्यांना वाटतें, तो काम करून पोट भरतो आहे. असा हा बिनपगारी नोकर कित्येक घरांत भुकेनें मेला आहे.

जेथें तो मरत नाहीं, तेथें वाढत जातो. आणि मग एके दिवशीं घरचे दयाळू लोक त्याला बादलींत घालून जवळच्या तळ्यांत किंवा नदींत सोडून येतात. ही दया फार महाग पडते. हा मासा हवेचा घोट घेऊन घाण पाण्यांत जगतो, पाण्याबाहेरही कित्येक तास तग धरतो. त्याच्या कांट्यांमुळें दुसरे प्राणी त्याच्या वाटेस जात नाहींत. नर कांठाच्या मातींत हात-हात खोल बिळें पाडतात व त्यामुळें कांठ ढांसळतात. मेक्सिकोंतील इन्फिएर्नियो जलाशय एके काळीं तेथील कोळ्यांचें अन्नछत्र होता. या माशांची बेसुमार वाढ झाल्यावर जाळ्यांत विकाऊ मासळीऐवजीं हेच भरूं लागले. भारतांतही केरळ, आंध्र आणि पूर्व कोलकात्याच्या पाणथळ प्रदेशांत हे मासे आढळले आहेत. त्यांच्या कांट्यांनीं जाळीं फाटतात आणि बाजारांत त्यांना किंमत नाहीं. दिवाणखान्यांतील एका बादलीचा भार असा दूरच्या कोळ्याच्या चुलीवर पडतो.

म्हणून या पाहुण्यांना घरीं आणण्यापूर्वीं दोन गोष्टी विचाराव्या: हा किती मोठा होईल, आणि हा काय खाईल? दुकानांत ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा रुपेरी मासाही बहुधा मेकाँगचा मार्जारमीनच असतो व तो तीन फुटांहून अधिक वाढतो. त्यानें कोणत्याही घरांत पाऊल टाकूं नये हें बरें. दोन-अडीच फुटांच्या पेटींत अँसिस्ट्रसची एक जोडी किंवा कोरिडोरासचा घोळका सुखानें राहतो. कोरिडोरासला बारीक, गुळगुळीत वाळू हवी. टोंकदार खडीनें मिशा झिजतात. प्लेकोस लाकडाचा ओंडका व लपण्यास कपार हवी. दिवा मालवल्यावर काकडीची चकती अथवा किंचित् उकडलेला पालक घालावा व सकाळीं उरलेलें काढून टाकावें. दर आठवड्यास पेटींतील चतुर्थांश पाणी बदलावें, आणि नळाच्या पाण्यांतील क्लोरीन घालवूनच तें पेटींत ओतावें. मासा हलवितांना जाळें वापरूं नये. परांचे कांटे ताठ होऊन जाळ्यांत अडकतात. भांड्यानेंच उचलावा. आणि पाळणें अशक्य झालें, तर दुकानदारास किंवा मोठी पेटी असलेल्या गृहस्थास द्यावा. नदींत कदापि सोडूं नये.

रंगीत माशांची शोभा दिवसा दिसते आणि पाहुण्यांना दाखवितां येते. मार्जारमीनांची मौज तशी नाहीं. घर निजल्यावर मंद दिव्याच्या उजेडांत कोणी तासभर स्वस्थ बसला, तरच कपारींतून एक दाढीवाला बाप बाहेर डोकावतो, वाळूंत मिशा चाळवूं लागतात, कांचेवर एक वाटोळें तोंड संथपणें सरकत जातें. जो मासा काम करण्यासाठीं आणला होता, तो कांहीं न करतां मनुष्याला थांबण्यास व पाहण्यास शिकवितो. ज्या घरांत त्याला नोकर न समजतां पाहुणा समजतात, त्या घरांतच तो आपलें खरें रूप प्रकट करतो.