दोर, दगड आणि दोस्त: सह्याद्रीच्या कड्यांवरच्या चटकदार गोष्टी

तानाजी मालुसऱ्यांची घोरपड महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण सभासदाची बखर उघडून बघा, ती घोरपड तिथे सापडत नाही. तिथे भेटतात दोन मावळे. फेब्रुवारी १६७० मधल्या त्या रात्री हे दोन निवडक गडी आधी कोंढाण्याच्या कड्याला भिडले, वानरांसारखे सरसर वर गेले आणि त्यांनी वरून दोराची माळ सोडली. बाकीचे तीनशे जण त्या माळेवरून चढले. आजच्या कुठल्याही प्रस्तरारोहकाला हे वाचून दाखवा, तो लगेच म्हणेल, ‘अरे, ही तर आमचीच पद्धत!’ आधी लीड करणारा चढतो, पक्का आधार शोधून दोर बांधतो आणि मग बाकीची टोळी वर येते. साडेतीनशे वर्षांत दोराची जात बदलली, क्रम तोच राहिला. आणि मला त्या घोरपडीपेक्षा हे दोन बिननावाचे मावळे कितीतरी जास्त थोर वाटतात.

तीनच वर्षांनी, मार्च १६७३ मध्ये, कोंडाजी फर्जंदांनी पन्हाळा घेतला तो जेमतेम साठ माणसांनिशी. तोही रात्री आणि तोही कडा चढून.

भाकरीवर भाकरी

सह्याद्रीचा कातळ आला कुठून? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा वाहत सुटला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. एक थर निवला की त्यावर दुसरा, भाकरीवर भाकरी रचावी तसा. पश्चिमेकडे या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर भरते. म्हणूनच आपले डोंगर लांबून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात: उभा कडा, मग गवताळ उतार, परत कडा, परत उतार.

चढणाऱ्यासाठी खरी मेख दोन थरांच्या मध्ये असते. बऱ्याच ठिकाणी तिथे लालसर, ठिसूळ मातीचा पट्टा लागतो. वरचा कातळ पोलादासारखा टणक आणि हा पट्टा बोटाने उकरता येईल इतका मऊ! अशा जागी ना खिळा धरतो, ना पकड टिकते. जाणते आरोहक खालूनच दुर्बीण लावून हे पट्टे हेरून ठेवतात आणि मगच मार्ग आखतात.

काही ठिकाणी लाव्हा उभ्या भेगांमध्येच थिजला. आजूबाजूचा नरम खडक पावसापाण्याने झिजून गेला आणि हा चिवट दगड भिंतीसारखा उभा राहिला. मुळशी-लोणावळा भागातल्या तैलबैलाच्या त्या दोन सरळसोट भिंती अशाच जन्मल्या. नाशिक जिल्ह्यातल्या धोडपची खाच पडलेली भिंत हाही त्यातलाच प्रकार. आणि मुंबईकरांनो, लांब जायचं नसेल तर अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल बघा. सुमारे दोनशे फूट उंचीचे बेसॉल्टचे उभे खांब, माथ्यावर गावदेवीचं देऊळ आणि चहूबाजूंनी इमारती. असे खांब बघायला लोक अमेरिकेत डेव्हिल्स टॉवरला जातात!

सुळक्यांच्या लग्नाला यायचं हं!

ठाणे जिल्ह्यात आसनगावजवळ माहुलीच्या डोंगररांगेत एक अख्खं लग्न लागलं आहे. नवरा सुळका आहे, नवरी सुळका आहे आणि विधी करायला भटोबाही आहे. शेजारीच वजीर उभा, त्याची चढाई भल्याभल्यांचा घाम काढणारी. कसाऱ्याच्या लोकलमधून ही रांग दिसते, डोकं मोबाइलमधून वर काढलं तर.

मनमाडजवळ हडबीची शेंडी आहे, आभाळाला अंगठा दाखवणारी. नाणेघाटाच्या माथ्यावर नानाचा अंगठा आहे. तिथून जवळच, जीवधनच्या कुशीत, साडेतीनशे फुटांच्या घरातली वानरलिंगी उभी आहे. तिलाच खडा पारशी असंही म्हणतात. खंडाळ्याच्या नागफणीला साहेबाने ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नाकाचं नाव दिलं. त्याला तिथे नाक दिसलं, आपल्याला फणा. माझं मत फण्याच्या बाजूने.

आणि नेढी! डोंगराला आरपार पडलेलं भोक म्हणजे नेढं. राजगडच्या सुवेळा माचीवर आहे, रतनगडावर आहे, इर्शाळगडावर आहे. भर उन्हात नेढ्यात जाऊन बसावं, दोन्हीकडच्या दऱ्या एकदम दिसतात आणि वारा असा सुटतो की टोपी हातात धरावी लागते.

पायऱ्या उडवल्या, पण वाट उरली

१८१८ मध्ये मराठ्यांचे किल्ले हाती आल्यावर इंग्रजांनी पुन्हा कुणी तिथे जाऊन बसू नये म्हणून अनेक गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. अलंग आणि मदन या जोडगडांवर त्याच्या खुणा आजही स्वच्छ दिसतात. पायऱ्या चढता चढता मध्येच संपतात आणि समोर नुसता कातळ. तिथे दोर लावूनच वर जावं लागतं. वाट बंद करायला गेले आणि पुढच्या पिढ्यांना प्रस्तरारोहणाचे धडे देणारी जागा तयार करून ठेवली. अलंग-मदन-कुलंग ही मोहीम आज सह्याद्रीत फिरणाऱ्या प्रत्येकाच्या यादीत असते.

सगळ्याच वाटा दोराच्या नसतात. ढाकच्या बहिरीला जा. उभ्या कड्याच्या पोटात गुहा, गुहेत देव, आणि तिथे पोचायला कातळातल्या अरुंद खोबण्या. आसपासच्या गावांतली माणसं अनवाणी पायांनी, हातात नैवेद्य घेऊन ती चढतात. गुहेतल्या टाक्यात भांडी ठेवलेली असतात. काढा, स्वयंपाक करा, घासून परत टाक्यात ठेवा, असा तिथला रिवाज. भांडी घरी नेली तर बहिरी बघून घेतो, अशी श्रद्धा आहे. शहरातून महागडे बूट घालून गेलेल्यांनी त्या अनवाणी पावलांकडे नीट बघावं. पाऊल कसं टाकायचं, वजन कुठे द्यायचं, हे शिकायला याहून चांगली शाळा नाही.

कोकणकड्याची जादू

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा नुसता उंच नाही, तो आत वळलेला आहे. नागाने फणा काढावा तसा माथा पुढे आलेला आणि पोट खोल आत गेलेलं. त्यामुळे वरून दोर सोडला की थोड्याच अंतरावर तो कातळापासून सुटतो आणि उतरणारा माणूस चक्क हवेत लोंबकळतो. खालून घुसणारा कोकणचा वारा इतका जबरदस्त की हलकी वस्तू खाली टाकली तर ती उलटी वर येते.

पण खरी नवलाई म्हणजे इंद्रवज्र. दरीत धुकं भरलेलं, पाठीमागे सूर्य, आणि समोरच्या धुक्यात पूर्ण गोल इंद्रधनुष्य. मधोमध आपलीच सावली! साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ मध्ये इथे हे दृश्य पाहिल्याची नोंद आहे. मजेची गोष्ट अशी की शेजारी शेजारी दहा जण उभे असले तरी प्रत्येकाला ते वलय स्वतःच्याच सावलीच्या डोक्याभोवती दिसतं.

दोराचं गणित

प्रस्तरारोहणाचे दोर दोन जातींचे. एक ताणला जाणारा, दुसरा जवळजवळ न ताणला जाणारा. लीड करणारा नेहमी पहिल्या जातीचा दोर बांधतो. तो पडला तर दोर लांबतो आणि झटका स्वतः पिऊन टाकतो. अशा दोराच्या चाचणीत पहिल्या झटक्याला ४० टक्क्यांपर्यंत ताण मान्य असतो. न ताणणाऱ्या दोरावर तोच माणूस पडला तर सगळा हिसका त्याच्या कमरेला आणि अँकरला बसेल. म्हणून तो दुसरा दोर रॅपलिंगसाठी, म्हणजे दोरावरून खाली उतरायला, आणि जुमारिंगसाठी, म्हणजे दोराला धरून वर चढायला.

कॅराबिनर म्हणजे दोर अडकवायची, फाटक असलेली धातूची कडी. तळहातात मावणारं हे कॅराबिनर लांबीच्या दिशेने निदान २० किलोन्यूटन ताकद सोसतं, म्हणजे साधारण दोन टन वजन. पण त्याचं फाटक उघडं राहिलं तर हीच ताकद एकतृतीयांशावर येते. म्हणूनच चढाईआधी जोडीदार एकमेकांच्या कॅराबिनरचे स्क्रू हाताने तपासतात. नुसतं बघून चालत नाही, बोट लावायचं.

हाताला लावायची ती पांढरी पूड म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. ती कड्यावर आणली जॉन गिल या अमेरिकी आरोहकाने, १९५० च्या दशकात. गडी जिम्नॅस्ट होता, तिथली पूड इथे घेऊन आला. पुढे तो गणिताचा प्राध्यापक झाला.

वरून दगड सुटला की ‘रॉक!’ नाहीतर सरळ ‘दगड!’ अशी आरोळी येते. नवखा माणूस हमखास वर बघतो. तेच करायचं नाही. हेल्मेट सरळ ठेवून कातळाला चिकटून उभं राहायचं. आणि दगडापेक्षाही ज्याची धास्ती घ्यावी ते म्हणजे आग्या मोहोळ. कड्यांच्या कपारीत ही मोठाली पोळी लटकलेली असतात. तिथे आरडाओरडा नाही, धूर नाही, अंगाला अत्तर-सेंट तर अजिबात नाही. मोहोळ उठलं आणि माणूस दोराला लटकलेला असला तर पळायला जागाच नसते.

बेलापूरचे धोंडे, जगाचे पाहुणे

मुंबईच्या आरोहकांच्या कित्येक पिढ्या मुंब्र्याच्या कड्यांवर आणि कान्हेरीच्या खडकांवर घडल्या. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या ‘गिरिविहार’ने तर सीबीडी बेलापूरच्या धोंड्यांवर बोल्डरिंगच्या, म्हणजे दोराशिवाय बुटके धोंडे चढण्याच्या, स्पर्धा सुरू केल्या आणि २०१६ मध्ये थेट विश्वचषकाचा टप्पा नवी मुंबईत भरवला. २०१७ मध्ये पुन्हा. पहिल्या वेळी मे महिना, दुसऱ्या वेळी जून! बोटांच्या टोकांवर ज्यांचा सगळा खेळ, त्या परदेशी खेळाडूंना आपल्या हवेतला घाम काय असतो ते चांगलंच कळलं असणार. मानधन न घेणाऱ्या हौशी मंडळींच्या एका संस्थेने हे उभं केलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

बर्फाचं म्हणाल तर महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटरवर थांबतं. तरीही १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे दहा जण २०१९ मध्ये एकाच मोहिमेत कांचनजुंगाच्या माथ्यावर गेले. साताऱ्याच्या प्रियांका मोहितेने २०२२ पर्यंत आठ हजार मीटरवरची पाच शिखरं सर केली. असं करणारी ती पहिली भारतीय महिला. पुण्यात भल्या पहाटे सिंहगडाच्या वाटेवर पाठीवर जड सॅक घेऊन चढणारी पोरंपोरी दिसली तर समजा, त्यातल्या कुणाच्या तरी डोक्यात हिमालय आहे.

हाक आली की

या सगळ्या मंडळींचं एक रूप एरवी दिसत नाही. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस खोल दरीत कोसळली. भर पावसात, निसरड्या कड्यावर दोर बांधून दरीत उतरले ते महाबळेश्वर ट्रेकर्ससारख्या संस्थांचे कार्यकर्ते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याच्या इर्शाळवाडीवर दरड आली. वाडीला गाडीरस्ता नव्हता, यंत्रं वर नेता येत नव्हती. आसपासचे गिर्यारोहक अंधारात पायवाटेने चढून गेले. लोणावळ्याचे ‘शिवदुर्ग मित्र’ तर वर्षभर वाट चुकलेल्यांना आणि दरीत अडकलेल्यांना शोधायला निघतात. यांच्यात दुकानदार आहेत, शिक्षक आहेत, रिक्षावाले आहेत. पगार कुणालाच नाही. राज्यभरातल्या अशा संस्थांनी एकत्र येऊन बचावासाठी समन्वय केंद्रही उभं केलं आहे. तिथे फोन आला की अपघाताच्या सगळ्यांत जवळ कोण आहे ते बघून पथक निघतं.

पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं, चढाया बंद होतात. पण गप्पा बंद होत नाहीत! २००२ मध्ये सुरू झालेलं गिरिमित्र संमेलन मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघात जुलैमध्येच भरतं. राज्याच्या कानाकोपऱ्यातले डोंगरवेडे तिथे येतात, मोहिमांची छायाचित्रं दाखवतात, फसलेल्या चढायांबद्दलही मोकळेपणाने बोलतात. नवख्यांनी जरूर जावं. तिथे एखाद्या संस्थेशी ओळख करून घ्या, दिवाळीनंतरच्या प्रस्तरारोहण शिबिराला नाव नोंदवा आणि पहिला धडा म्हणून आठाची गाठ मारायला शिका, आधी डोळे उघडे ठेवून आणि मग मिटून.