कॉर्डलेस फोन घेताय? आधी त्याच्या स्टँडकडे बघा

घरून धंदा सुरू करणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, धंद्याचा नंबर वेगळा ठेवा. फायबर कनेक्शनसोबत लँडलाइन मिळते. कार्डावर परभणीचा ०२४५२ वाला नंबर दिसला की गिऱ्हाइकाला वाटतं, माणूस गावातलाच आहे, सापडेल. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "सर, कॉर्डलेस घेऊ का? घरात लेकरू आहे, रेडिएशनचं काय?"

प्रश्न रास्त आहे, पण घाबरण्याआधी आकडे बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत, तेव्हा लोणचंवाल्यांनी लगेच दचकू नये! २०२४ मध्ये त्याच संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाईल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. खोक्यावर 'डेक्ट' लिहिलेला कॉर्डलेस बोलताना सरासरी १० मिलिवॅटच्या आसपास शक्ती सोडतो. जुना २जी मोबाईल रेंज नसली की २५० पर्यंत जायचा.

आता खरी गोम ऐका. सगळे हँडसेटकडे बघतात, स्टँडकडे कुणीच बघत नाही. साध्या डेक्ट मॉडेलचा स्टँड कुणी बोलत नसतानाही सेकंदाला १०० वेळा लहर सोडत राहतो, दिवसरात्र. आणि आपण तो ठेवतो कुठे? पलंगाच्या उशाशी! म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा: "फोन वापरात नसताना स्टँडची लहर बंद होते का?" काही मॉडेलमध्ये ती पूर्ण बंद होते, काहींत फक्त कमी होते. नुसतं 'इको' वाचून खूश होऊ नका, कधीकधी त्याचा अर्थ फक्त ॲडॅप्टर कमी वीज खातो एवढाच असतो. सोय असली तरी बऱ्याचदा ती मेनूत जाऊन स्वतः चालू करावी लागते. दुसरा हँडसेट जोडला आणि त्यात ती सोय नसली, तर स्टँड पुन्हा सुरू. बॅटरीही थोडी लवकर उतरते, ते चालवून घ्या.

महागडं मॉडेल परवडत नसेल तर जागा बदला. अंतर दुप्पट केलं की लहरीचा जोर साधारण चौथा हिस्सा राहतो. समजा तुम्ही वसमत रोडला घरातून डबे देता. स्टँड झोपायच्या खोलीत नको, बाहेरच्या खोलीत राऊटरपाशी ठेवा. ऑर्डर घेताना स्पीकर लावा, हात पोळ्यांना मोकळे राहतात.

पाहुण्यांनी अमेरिकेतून 'डेक्ट ६.०' आणून दिला तर तो लावू नका. तो १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतो आणि आपल्याकडे ती पट्टी मोबाईल कंपन्यांची आहे. इथल्या मान्यतेचाच सेट घ्या, बिलासकट.

आणि ते 'रेडिएशन शोषणारं' स्टिकर! कुणी एजन्सी घ्या म्हणून आलं तर एकच विचारा: "लहर अडली तर फोन लागणार कसा?" लहर खरंच अडली तर आवाज तुटेल, आणि नाही अडली तर पैसे कशाचे? लोकांच्या भीतीवर उभा केलेला माल विकू नका, गावात तोंड दाखवायचं असतं. मोबाईलची काळजी असेल तर स्टार हॅश शून्य सात हॅश दाबा, 'सार'चा आकडा दिसेल. २०१२ पासून आपल्याकडे मर्यादा १.६ वॅट प्रति किलो आहे. फुकटात होतं हे.

एक राहिलंच. लाईट गेली की कॉर्डलेसचा स्टँड मुका होतो. फायबरचं मशीन इन्व्हर्टरवर घ्या आणि त्याच्या फोनच्या पोर्टला एक साधा वायरवाला फोन जोडून ठेवा. तो स्वस्तात मिळतो, आणि त्यातून रेडिओलहर निघतच नाही. एकाच टेबलावर बसून ऑर्डरी घेत असाल तर कॉर्डलेस घ्यायचं कारणच उरत नाही.