प्रूफ की पॉलिश?

नाण्यांच्या प्रदर्शनात एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘बघा, अगदी प्रूफसारखं आहे!’ प्रूफसारखं आणि प्रूफ यांत फार अंतर आहे आणि ते किमतीतही दिसतं. प्रूफ हे नाणं घडवण्याच्या रीतीचं नाव आहे. नाणं किती स्वच्छ राहिलंय याच्याशी त्याचा संबंध नाही. चलनी नाणं कितीही जपा, ते प्रूफ होत नाही. उलट, कुणी अडाणीपणे प्रूफ नाणं दुकानात मोडलं आणि ते वर्षानुवर्षं गल्ल्यांतून फिरलं, तरी ते झिजलेलं प्रूफच राहतं.

चलनी नाणी टांकसाळीत मिनिटाला शेकड्यांनी पडतात. एक ठोका, एक नाणं, की थेट ढिगात. एकमेकांवर आपटल्याच्या बारीक खुणा कोऱ्या नाण्यावरही सापडतात त्या यामुळेच. प्रूफसाठी आधी चकती पॉलिश करतात, साचाही करतात, मग सावकाश, जास्त दाबाने दोन किंवा अधिक ठोके देतात. नाणं कुठेही आपटू न देता उचलतात. त्यामुळे सपाट भाग आरशासारखा होतो आणि उठावाचं चित्र बहुधा दुधी, धुरकट दिसतं. काठ धारदार, काटकोनात उतरलेला असतो. छापील कागद नाण्यासमोर धरावा. खऱ्या प्रूफच्या सपाट भागात अक्षरांचं प्रतिबिंब वाचता येतं.

प्रजासत्ताक भारताचा 1950चा प्रूफ संच सात नाण्यांचा होता, रुपयापासून पैशापर्यंत. पुढे 1969 साली गांधी जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं चांदीचं नाणं निघालं : 15 ग्रॅम, 80 टक्के चांदी. त्याच्या मुंबईच्या प्रूफवर टांकसाळीची खूण म्हणून ‘बी’ हे अक्षर आहे. 1996 पासून मुंबईच्या प्रूफवर ‘एम’ येऊ लागला. मुंबईच्या चलनी नाण्यावर सालाखाली चौकटच्या आकाराचा ठिपका असतो. बरेच जण एवढ्यावरच थांबतात आणि इथेच फसतात. व्हिक्टोरिया राणीच्या मुंबईत पडलेल्या कित्येक चलनी रुपयांवरही ‘बी’ आहे. 1997-98मध्ये सरकारने परदेशी टांकसाळींतून रुपये पाडून घेतले, त्यांपैकी मेक्सिकोच्या नाण्यांवर ‘एम’ आहे. खूण पाहावी जरूर, पण निकाल पृष्ठभागावरून द्यावा.

भिंग घ्या, दिवा बाजूने धरा आणि सपाट भागातल्या रेषा पाहा. साचा पॉलिश करताना त्यावर पडलेले ओरखडे नाण्यावर उठून येतात. या रेषा अक्षरापाशी येऊन थांबतात आणि पलीकडे पुन्हा सुरू होतात, कारण अक्षर साच्यात त्या पातळीच्या खाली खोदलेलं असतं. नंतर कुणी नाणं घासलं असेल तर रेषा खोलगट असतात आणि अक्षरांच्या, चेहऱ्याच्या माथ्यावरूनही जातात. घासलेल्या नाण्याच्या अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि त्यांच्या मुळाशी पॉलिशची पांढुरकी पूड अडकलेली सापडते. ही एक तपासणी ज्याला जमली, त्याला बाजारातलं निम्मं बनावट ‘प्रूफ’ खपवता येत नाही.

आणखी एक घोळ पाकिटाचा. डॉ. आंबेडकरांच्या 125व्या जयंतीनिमित्त 2015 साली दहा रुपयांचं आणि 125 रुपयांचं अशी दोन नाणी निघाली. दहा रुपयांचं नाणं चलनात फिरलं, प्रूफ संचातही आलं आणि यूएनसी संचातही. यूएनसी म्हणजे साध्या पद्धतीने पाडलेलं, न वापरलेलं नाणं. दोन्ही संच टांकसाळीच्या देखण्या वेष्टनात मिळतात, म्हणून वेष्टन पाहून भाव देऊ नये. इंग्रजी अमदानीच्या नाण्यांत सावधपणा दुप्पट हवा. जुन्या साच्यांवरून टांकसाळीने संग्राहकांसाठी नंतर पुन्हा नाणी पाडली. तीही चकचकीतच असतात, पण साचा गंजलेला असेल तर त्याचे बारीक उंचवटे सपाट भागावर दिसतात. मूळ प्रूफची किंमत त्यांना येत नाही.

आता लक्ष्मीपूजनाला घरोघरी जुने रुपये बाहेर निघतील आणि चिंच-मिठाने किंवा पावडरीने घासले जातील. कृपया घासू नका. नाणं कडेने धरा, साध्या पाण्याने धुवा, मऊ कापडाने टिपून कोरडं करा आणि पूजेत मांडा. शंका वाटणारं नाणं आधी जाणकाराला दाखवा. एकदा घासलेला पृष्ठभाग कोणालाही परत आणता येत नाही.