लिथियम : आकडा आणि अनुमान

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने जम्मूतील रियासी जिल्ह्यात लिथियम आढळल्याचे जाहीर केले आणि ५९ लाख टनांचा आकडा घरोघरी पोहोचला. लहान खाण कंपन्यांच्या समभागांवर नजर ठेवणाऱ्या गुंतवणूकदाराने मात्र त्यानंतर संसदेत दिलेली लेखी उत्तरे वाचायला हवी होती. हा आकडा लिथियमयुक्त खनिजाचा आहे, धातूचा नव्हे. शिवाय पाहणी ‘जी-३’ म्हणजे प्राथमिक टप्प्याची. अनुमानित संसाधन म्हणजे काढता येण्याजोगा साठा नव्हे. मध्ये ‘जी-२’ आणि ‘जी-१’ या खर्चिक पायऱ्या असतात. कंपनीच्या निवेदनात ‘जी’पुढे कोणता अंक आहे, हे दलाल सहसा सांगत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून लिथियम अणुखनिजांच्या यादीतून वगळले. नोव्हेंबरात लिलाव पुकारला गेला. रियासीला किमान तीन पात्र बोलीदारही लाभले नाहीत. ज्यांना धंदा कळतो, त्यांनीच हात आखडता घेतला! २०२२च्या अखेरीस शिखरावर असलेले जागतिक दरही २०२४ पर्यंत कोसळले होते. छत्तीसगडमधील कटघोऱ्याला तेवढी बोली लागली. नागपूरची ‘एमईसीएल’ भागीदार असलेल्या सरकारी ‘काबिल’ने तर जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनातील पाच क्षेत्रांसाठी करार केला, तोही आधी शोधकार्यासाठीच.